स्वादुपिंडाच्या आजारानंतर आलेली शुगर: खेड्यावर राहून कशी सांभाळायची?

पळसफूल, आर्णी तालुका

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी हा धागा काढते आहे. मराठीत शोधलं की मिळतं ते सगळं नेहमीच्या मधुमेहाबद्दलचं. आमच्या घरातला मधुमेह वेगळा आहे आणि ते सल्ले त्याला लागू पडत नाहीत, इतकं आता कळलंय.

भाऊ ३४ वर्षांचा. घरची शेती, पऱ्हाटी आणि तूर. दारूला कधी शिवला नाही. पित्ताशयातला खडा नळीत अडकला, स्वादुपिंडाला जबर सूज आली, आतला बराच भाग सडला आणि तो ऑपरेशन करून काढावा लागला. जीव वाचला. पण घरी आल्यावर काही महिन्यांत शुगर निघाली. एका दवाखान्यात रिपोर्टवरचा आकडा तेवढा पाहिला, गोळ्या लिहिल्या आणि छापील कागद हातात दिला: भात बंद, बटाटा बंद, वजन कमी करा. ज्याच्या बरगड्या मोजता येतात त्याला वजन कमी करा! आता नागपूरच्या डॉक्टरांनी फाइलवर ‘टाइप ३सी मधुमेह’ लिहिलंय, त्या गोळ्या बंद करून इन्शुलिन सुरू केलंय आणि जेवणासोबत घ्यायच्या पाचक रसांच्या कॅप्सूल दिल्या आहेत.

तरी शुगर एका जागी राहत नाही. सकाळी ३००, दुपारी वावरात ५०. मागे ओलिताला गेला तर धुऱ्यावरच बसून राहिला. बोलणं अडखळत होतं, शर्ट घामानं चिंब. शेजारच्या वावरातल्या माणसाला वाटलं, पिऊन बसलाय. तो आपल्या कामाला लागला. भावजय डबा घेऊन पोचली म्हणून कळलं. मीटरवर ४१ होती.

ही शुगर अशी का वरखाली होते? लाइट तासन्‌तास जाते, उन्हाळ्यात इन्शुलिन कुठं ठेवायचं? खायला काय द्यायचं? ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी कृपा करून लिहा.

तालुक्याचा डॉक्टर, वर्धा जिल्हा

पळसफूल ताई, चांगला धागा काढलात. जरा सविस्तर लिहितो.

स्वादुपिंड दोन कामं करतं. अन्न पचवणारे रस आतड्यात सोडतं आणि हार्मोन रक्तात सोडतं. त्यातलं साखर उतरवणारं इन्शुलिन सगळ्यांना माहीत असतं. पण साखर फार खाली गेली की यकृतातली साखर बाहेर काढायला लावणारं ग्लुकागॉनसुद्धा तिथंच तयार होतं. टाइप १ मध्ये इन्शुलिनच्या पेशी मरतात. टाइप २ मध्ये इन्शुलिन असतं पण नीट लागू पडत नाही आणि पुढे कमीही होत जातं. तुमच्या भावाचा अवयवच अर्धामुर्धा गेलाय. त्यामुळे इन्शुलिन कमी, ग्लुकागॉन कमी आणि पाचक रसही कमी. थोड्याशा इन्शुलिननंही शुगर झपकन उतरते आणि शरीराला ती स्वतःहून वर काढता येत नाही. म्हणून या पेशंटच्या नातेवाइकांना मी पहिल्यांदा सांगतो की वाढलेल्या शुगरपेक्षा उतरलेल्या शुगरला जास्त भ्या. वाढलेली वर्षानुवर्षांनी डोळे, किडनी, पाय बिघडवते, ती सांभाळायचीच. उतरलेली एका रात्रीत माणूस नेते.

ओळख चुकण्याचा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वादुपिंडाच्या आजारानंतर मधुमेह झालेले रुग्ण तपासले, तर सुमारे ८८ टक्के लोकांच्या नोंदीत टाइप २ लिहिलेलं होतं. टाइप ३सी असं नीट लिहिलेले ३ टक्केसुद्धा नव्हते.

नाव चुकलं की औषध चुकतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या उरलेल्या स्वादुपिंडाला पिळून इन्शुलिन काढतात, त्यात शुगर कोसळण्याची भीती असते. नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ येणाऱ्या गोळ्या आणि वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या माणसाला शक्यतो देत नाहीत. ‘ग्लिफ्लोझिन’वाल्या गोळ्यांनी इन्शुलिन कमी असलेल्या माणसाच्या रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही शुगर फार वाढलेली नसताना. शुगर थोडीच वाढलेली असेल तर मेटफॉर्मिन चालतं, पण त्यानं भूक मरते आणि जुलाब होतात. आधीच वाळलेल्या पेशंटला ते झेपत नाही. बहुतेकांना आज ना उद्या इन्शुलिन लागतंच. आणि ज्याचं स्वादुपिंड पूर्ण काढलंय त्यानं इन्शुलिन एक दिवसही बंद करायचं नाही, ताप असो, उलट्या असोत, उपास असो. डोस कमीजास्त करायचा तो डॉक्टरांना विचारून.

तुमच्या भावाला पित्ताच्या खड्यानं झालं. काहींना दारूनं होतं, काहींना रक्तातली चरबी फार वाढल्यानं. काही तरुण, बारीक पोरांना यातलं काहीच नसताना स्वादुपिंडात खडे होतात आणि पुढे शुगर लागते. १९५९ साली झुइडेमा यांनी इंडोनेशियातल्या अशा रुग्णांचं वर्णन केलं, नंतर केरळात डॉ. जीवर्गीस यांनी असे पुष्कळ पेशंट तपासून लिहून ठेवले. तेव्हा पॅन्क्रियाजचा आजार म्हटलं की ‘पीत असेल’ असं गावानं परस्पर ठरवणं चूक आहे. आणि पिणाऱ्यालाही उपचार तोच द्यायचा असतो.

झाडीपट्टी, साकोली

डॉक्टरसाहेबानं खड्यावाल्यांचं लिहिलं, मी त्यातलाच. कॉलेजात होतो तेव्हापासून पोट दुखे. खाल्लं की दुखे, पाठीत कळ जाय, पुढं वाकून बसलो की जरा बरं वाटे. सगळे म्हणत ऍसिडिटी. पोटाच्या साध्या एक्स-रेत पॅन्क्रियाजचे खडे दिसले तेव्हा कुठं निदान झालं. शुगर त्याच्यानंतर लागली.

ताई, तुमच्या भावाच्या कॅप्सूलबद्दल सांगतो, कारण शुगर वरखाली होण्याचं अर्धं कारण तिथंच असते. एक विचारतो, लाजू नका. संडास कशी होते? चिकट, फिकट, पाण्यावर तरंगणारी, दोन डबे पाणी टाकून बी न जाणारी, घाण वास, वरून तेलाची तार? असं असेल तर खाल्लेलं अंगाला लागून नाही राहिलं. अन्न पचलंच नाही तर त्याची साखर रक्तात येईल कुठून? इकडं इन्शुलिन तर टोचून बसलो. मग शुगर पडते.

कॅप्सूल आणि इन्शुलिन ही बैलजोडी होय. एक बैल बसला की दुसरा गाडी भलतीकडं ओढते. मी कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर एक घेतो, जेवण अर्ध्यावर आलं की दुसरी. जेवण झाल्यावर आठवली आणि घेतली तर काही कामाची नाही, अन्न पुढं निघून गेलेलं असते. चावायची नाही, फोडून भाजीत टाकायची नाही, गरम चहासोबत तर बिलकुल नाही. साध्या पाण्यासोबत गिळायची.

आणि हे पण ध्यानात ठेवा जी. कॅप्सूल नीट सुरू झाली की पहिले काही दिवस शुगर वाढल्यासारखी दिसते. घाबरू नका, अन्न अंगी लागून राहिलं त्याची ती खूण. डॉक्टरला सांगून इन्शुलिन बसवून घ्यायचं.

पळसफूल, आर्णी तालुका

झाडीपट्टी दादा, तुम्ही लिहिलंय तसंच आहे सगळं. त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, आज भावजयीला विचारायला लावलं. आणि कॅप्सूल तो जेवण झाल्यावर घेत होता! चिठ्ठीवर ‘जेवणासोबत’ लिहिलंय, त्याला वाटलं जेवणानंतर. चहा-चिवड्यासोबत तर घेतच नव्हता.

तालुक्याचा डॉक्टर, वर्धा जिल्हा

हे फार महत्त्वाचं सापडलं. कॅप्सूलमध्ये चरबी पचवणारा जो रस असतो तो लायपेज. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट लायपेजपासून सुरुवात करतात, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं. डब्यावर १०,००० किंवा २५,००० असा जो आकडा असतो तो लायपेजचा, तो बघून डॉक्टरांशी बोला. दूध घातलेला कपभर चहा आणि चिवडा म्हणजे तेल-दूध आलं, तिथं कॅप्सूल लागते. नुसतं फळ किंवा कोरा चहा असेल तर लागत नाही. डोस पुरतोय की नाही ते संडासवरून आणि वजनावरून कळतं. नसेल पुरत तर वाढवता येतो, शिवाय ऍसिड कमी करणारी गोळी जोडली तर कॅप्सूल चांगलं काम करते.

मेडिकलमध्ये ‘पचनाची गोळी’ किंवा पाचक सिरप मिळतं, ते याच्या बदली चालत नाही. त्यातली लायपेज अगदी थोडी असते किंवा पोटातल्या आम्लात मरून जाते.

पाचक रस खरंच कमी आहेत का अशी शंका असेल तर संडासची ‘फिकल इलास्टेज’ तपासणी होते, त्यात स्वादुपिंडाचा एक पाचक रस किती उतरतो ते मोजतात. तालुक्याला होत नाही, नमुना नागपूरला जातो. २०० च्या खाली कमी समजतात, १०० च्या खाली फारच कमी. ही तपासणी कॅप्सूल चालू असतानाही करता येते. फक्त पातळ जुलाबाचा नमुना देऊ नका, आकडा खोटा कमी येतो.

अकोटकर

एक प्रश्न आहे, मनापासून विचारतो. माझ्या अम्मीचं कॅन्सरसाठी व्हिपल ऑपरेशन झालं, म्हणजे स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग आणि लगतचं आतडं काढलं. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात हे कळल्यापासून ती घ्यायला तयार नाही. दुसरं काही आहे का?

संध्या_मोर्शी

अकोटकर भाऊ, आमच्या घरी सासरे माळकरी. त्यांच्याबाबत हाच पेच होता. पंधरा दिवस त्यांनी कॅप्सूल शिवली नाही, अंगावरचं मांस उतरलं. शेवटी त्यांच्याच फडातले म्हातारे बुवा घरी आले आणि म्हणाले, हे अन्न नव्हे, औषध आहे. पांडुरंगानं दिलेलं शरीर राखणं हाही धर्मच. त्यांचं ऐकलं. आम्ही किती समजावलं त्याचा उपयोग नव्हता. घरच्यांनी वाद घालण्यापेक्षा ज्यांचा शब्द ते मानतात त्यांना बोलवा.

तालुक्याचा डॉक्टर, वर्धा जिल्हा

अकोटकर, प्रामाणिक उत्तर असं की बुरशीपासून किंवा वनस्पतीपासून केलेली पाचक औषधं बाजारात आहेत, पण व्हिपलनंतरच्या माणसाला ती पुरत नाहीत. जीव वाचवायला दुसरा उपाय नसेल तर इस्लाममध्ये अशा औषधाला मुभा आहे असं अनेक उलेमा सांगतात. अम्मींना ज्यांच्यावर विश्वास आहे त्या मौलानांशी त्यांना स्वतःला बोलू द्या. औषध कशापासून बनतं ते लपवून देऊ नका. उद्या त्यांना कळलं तर इन्शुलिनवरचाही विश्वास उडेल.

अकोटकर

जज़ाकल्लाह डॉक्टरसाहेब. जुम्म्याला मौलानासाहेबांना घरीच बोलावतो.

वऱ्हाडी_मन, बाळापूर

माह्या मते एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा जांभळाच्या बियांचं चूर्ण आन् कारल्याचा रस सकाळी उपाशीपोटी चालू करा. आमच्या गावात दोघाचौघांची शुगर त्यानंच उतरली. दिवसातून दोनदाच जेवायचं, मधात काही तोंडात टाकायचं नाही. इन्शुलिनची सवय लागते.

सिस्टर, गडचिरोली

वऱ्हाडी_मन दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे वाचून कुणी करून बसेल म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्या गावातल्या लोकांना टाइप २ असणार. इथं इन्शुलिन तयार करणारा अवयवच बराचसा कापून काढलाय. ‘सवय लागते’ म्हणून इन्शुलिन सोडलं तर तो माणूस दगावेल. आणि उपाशीपोटी कारल्याचा रस, वरून टोचलेलं इन्शुलिन, शुगर वर काढायला ग्लुकागॉन नाही, म्हणजे पुन्हा तो धुऱ्यावर पडणार. दोनदाच जेवायचं हेही या पेशंटला चालत नाही. त्याला थोडं थोडं, चार-पाच वेळा, वेळेवर खायचं असतं, म्हणजे कॅप्सूलही पुरते आणि शुगरही सांभाळते.

आता शुगर उतरल्यावर काय करायचं ते सगळ्यांसाठी लिहिते, कारण पळसफूल ताईंच्या भावाचं वाचून मला झोप लागली नाही. आमच्या उपकेंद्राच्या भागातही असं होतं. बोलणं बोबडं, चाल डुलती, चिडचिड, घाम. आणि मोहाच्या दारूचा मुलूख, त्यामुळे लोक सरळ पिऊन पडला म्हणतात. खरंच प्यालेला असेल तर धोका आणखी मोठा, कारण दारू यकृताला साखर सोडू देत नाही. म्हणून वास आला तरी मीटर लावा. मीटर नसेल तर शुद्धीत असलेल्या माणसाला साखर द्याच. वाढलेल्या शुगरवर तीन चमचे साखरेनं फारसं बिघडत नाही, उतरलेल्या शुगरवर त्यानं जीव वाचतो.

७० च्या खाली आली की चहाचे तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून पाजायची. पेढा, बिस्किट, दूध देऊ नका. तूप-खवा पचायला वेळ लागतो आणि या पेशंटला तर आणखी लागतो. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. वर आली की मग भाकरी-वरण कॅप्सूलसोबत. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन मिळतं. डॉक्टरांना विचारून घरी ठेवता आलं तर घरातल्या एकानं तरी ते द्यायला शिकून घ्या. पण माणूस फार वाळलेला असला, पोटात अन्न नसलं, तर यकृतात साठाच नसतो आणि त्याचा परिणाम कमी होतो. म्हणून ते दिलं तरी दवाखाना गाठायचाच.

मास्तर, वणी

सिस्टरताईंचं वाचून रात्रीच्या ओलिताचं लिहावंसं वाटलं. आपल्याकडं शेतीची लाइन आठवड्यातून काही दिवस रात्रीचीच असते. रब्बीत रात्री बारा-एकला मोटर चालू करायला माणूस एकटा वावरात जातो. दिवसभर पऱ्हाटी वेचलेली असते, आणि अंगमेहनतीनंतर शुगर कित्येक तास खाली खाली येत राहते. त्यात संध्याकाळचं इन्शुलिन. इन्शुलिनवरच्या माणसानं रात्रपाळीचं ओलीत एकट्यानं करूच नये. शेजारच्या वावरवाल्याशी पाळी बांधून घ्या, नाहीतर ऑटो स्विच लावा. जावंच लागलं तर निघताना शुगर बघायची, १०० च्या आसपास असेल तर काहीतरी खाऊनच निघायचं, आणि शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी. डब्यात नको, डबा बांधावर राहतो आणि माणूस पिकाच्या तासात असतो.

झाडीपट्टी, साकोली

मास्तर, एकदम बरोबर. मी पुडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो, नाही तर धानाच्या बांधीत भिजून जाते.

पळसफूल, आर्णी तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या वावरवाल्या काकांना आज घरी बोलावून भावानं स्वतः सगळं सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. आता त्यांच्याकडंही ग्लुकोजचा डबा ठेवलाय.

इन्शुलिन कुठं ठेवायचं तेवढं कुणी सांगा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं ४५ च्या वर जातं आणि लाइटचा भरवसा नाही.

सिस्टर, गडचिरोली

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीजरमध्ये नाही, गोठलेलं इन्शुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकून द्यायचं. चालू बाटली बाहेर ठेवली तर चालते, पण जागा थंड हवी आणि साधारण चार आठवड्यांत संपवायची. २०२१ साली सीमाविरहित डॉक्टरांची संघटना एमएसएफ आणि जिनिव्हा विद्यापीठानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेलं इन्शुलिन फ्रिजमधल्याइतकंच चांगलं राहिलं. म्हणजे दोन-चार तास लाइट गेली तर घाबरू नका. पण आपला मे महिना ३७ वर थांबत नाही.

म्हणून माठ. मोठ्या माठात किंवा कुंडीत ओली रेती, तिच्यात लहान मडकं, मडक्यात झाकणाच्या कोरड्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं. घरातल्या सावलीत, हवा लागेल अशा जागी. दोन वेळा रेतीवर पाणी शिंपडायचं. बाटली पाण्यात बुडवायची नाही, लेबल निघून जातं. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे फार छान चालतं. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा माठ तितका गार होत नाही, पण गरमीही तेवढी नसते. मडक्यात एक साधा तापमापी टाकून ठेवा, म्हणजे अंदाज राहतो. कॅप्सूलचा डबाही त्याच गार कोपऱ्यात, त्यांना २५ अंशांच्या वर ठेवायचं नसतं. गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

आणि सिरिंज! कृपा करून प्रत्येकानं घरी जाऊन बघा. सरकारी दवाखान्यात मिळणारी इन्शुलिनची बाटली बहुतेक वेळा ४० युनिटची (एका मिलीत ४० युनिट) असते, तिला लाल टोपीची सिरिंज. पेनमधलं इन्शुलिन बहुतेक १०० युनिटचं, आणि १०० ची सिरिंज नारंगी टोपीची. १०० युनिटच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजनं १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात २५ युनिट जातात. उलट केलं, म्हणजे ४० ची बाटली आणि नारंगी टोपी, तर १० च्या जागी ४ च जातात. मेडिकलवाला ‘हीच आहे, चालते’ म्हणाला तरी घेऊ नका.

नवेगाव_बांध

सिकलसेलवाल्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या बहिणीला सिकलसेल आहे, त्यातूनच पित्ताचे खडे झाले आणि पॅन्क्रियाजला सूज आली. तिचं तीन महिन्यांच्या सरासरीचं एचबीए१सी छान यायचं आणि मीटरवर मात्र २५०-३००. आम्हाला मीटर खराब वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं की सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीए१सी खोटं कमी दिसतं.

तालुक्याचा डॉक्टर, वर्धा जिल्हा

नवेगाव_बांध, फार मोलाची भर घातलीत. आपल्या भागात सिकलसेल भरपूर आहे, तेव्हा एचबीए१सी वाचण्याआधी प्रत्येक पेशंटची सिकलसेल तपासणी झालीय का ते बघायलाच हवं. नुसता वाहक असला तरी काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. रक्त खूप कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल तरीही. अशांना बोटाच्या शुगरची वही हाच आधार. गरज वाटली तर फ्रुक्टोसॅमीन तपासता येतं, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या शुगरचा अंदाज येतो.

या आजारात अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही शोषली जात नाहीत. हाडं ठिसूळ होतात, काहींना अंधारात दिसत नाही. वर्षातून एकदा ड जीवनसत्त्व आणि बी१२ बघा. डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पाय इतर मधुमेहींसारखेच दरवर्षी तपासायचे. ऑपरेशनमध्ये प्लीहा काढली असेल तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी झाल्यात का विचारा. अशा माणसाला थंडीताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

पळसफूल, आर्णी तालुका

भावाची प्लीहा आहे, फाइल काढून बघितली. सिकलसेलची तपासणी झालेली नाही, ती करून घेतो. जेवणाचं राहिलं. तेल-तूप बंदच करायचं का? भावजय सगळं उकडून देते आणि तो ताट सरकवतो.

संध्या_मोर्शी

ताई, तेल बंद करू नका. आम्हीही आधी तेच केलं होतं, सासरे आणखी वाळले. कॅप्सूल पुरेशी असेल तर साध्या घरच्या जेवणाइतकं तेल पचतं, आणि वाळलेल्या माणसाला त्याची गरजच असते. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंडी, दही, शिजवलेली भाजी, मोजका भात. भात बंद नको, रोज साधारण तेवढाच नि त्याच वेळेला, म्हणजे इन्शुलिनचं गणित बसतं. सालपटाच्या कच्च्या कोशिंबिरीचा, कोंड्याचा मारा नको. फार चोथा असला की कॅप्सूलचं काम मंदावतं. मी वाटीनं मोजून वाढते आणि वहीत लिहिते. लग्नाच्या पंगतीत वाट बघत बसायचं नाही. पान वाढून समोर येईपर्यंत इन्शुलिन घ्यायचं नाही, आमच्याकडं मंगलाष्टकं लांबली की जेवण तीन वाजता. सावजी रस्सा मात्र सोडला. एकादशीला सासरे राजगिरा, दूध, फळं वेळेवर खातात. निरंकार उपास सोडवला.

मास्तर, वणी

बिडीचंही लिहा कुणीतरी. दारू सोडली आणि बिडी चालू ठेवली तर स्वादुपिंड जळतच राहतं, हे आमच्या डॉक्टरांनी ठासून सांगितलंय. खर्रा तर नकोच.

खर्चाचं थोडं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भरती आणि ऑपरेशन होतं, रोजच्या कॅप्सूल त्यात बसत नाहीत. इन्शुलिन साठा असेल तेव्हा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या एनसीडी (शुगर-बीपीसारख्या आजारांच्या) क्लिनिकमध्ये विनामूल्य मिळतं, दर महिन्याला जाऊन नोंद ठेवा. कॅप्सूलसाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव विचारा, पण ताकदीचा आकडा सारखाच हवा.

मूलकर

धागा वाचतो आहे. माझी भाची १७ वर्षांची. दोन वर्षं पोटदुखी, वाळत चाललीय. आता शुगर ३२० निघाली. गावातल्या डॉक्टरांनी टाइप १ म्हणून सेवाग्रामला पाठवायचं म्हटलंय. तिला हे असेल का?

तालुक्याचा डॉक्टर, वर्धा जिल्हा

इथून सांगता येणार नाही, पण पोटदुखी आधी आणि शुगर नंतर हा क्रम तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. पोटाचा एक्स-रे, सोनोग्राफी, लागलं तर सीटी. सोबत रक्ताच्या दोन तपासण्या: शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं ते सांगणारं सी-पेप्टाइड आणि टाइप १ ओळखायला जीएडी अँटिबॉडी. तोवर उलट्या, खोल धापा, गुंगी यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी निघा. असंच ज्यांचं वय पन्नाशीपुढचं आहे, शुगर नव्यानं लागलीय आणि कारण नसताना वजन उतरतंय, पाठ दुखतेय, त्यांनीही सीटी करून घ्या, कॅन्सर नाही ना ते बघायला.

झाडीपट्टी, साकोली

मूलकर भाऊ, दुखलं की ती पुढं वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसते का ते पाहा. आणि संडासचं तिच्या मायला विचारायला सांगा, पोरगी तुम्हाला नाही सांगणार. तरंगते का, तेल दिसते का. जुने सगळे कागद सोबत न्या, ऍसिडिटीच्या चिठ्ठ्यासुद्धा.

मूलकर

ताईनं विचारलं. दोन्हीला हो म्हणाली. उद्या सकाळच्याच गाडीनं निघतो, चिठ्ठ्या सगळ्या घेतल्यात.